गप्प बसायचा डाव

खोक्यावर इंग्रजीत लिहिलेलं होतं आणि चित्रांतली माणसं युरोपातल्या कुठल्या तरी जुन्या शतकातली, झगे घातलेली, दाढ्या वाढवलेली होती. माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीनं तो खेळ मला दिला. "शनिवार-रविवार गावी जातेस, घरात बसून सगळे एकमेकांची तोंडं बघत असाल. त्यापेक्षा हे खेळा," ती म्हणाली. तिचं खरं होतं. आम्ही एकमेकांची तोंडंच बघत होतो.

दिवाळीनंतर आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कावीळ झाली. पुण्याच्या डॉक्टरांनी पित्ताच्या नळीत स्टेंट टाकला, कावीळ उतरली, आणि मग आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं की गाठ स्वादुपिंडात आहे, पसरलेली आहे, आता काही करण्यासारखं नाही. आई, मी आणि धाकटा भाऊ पृथ्वीराज, आम्ही तिघं तिथं उभे होतो. आईनं डॉक्टरांना एकही प्रश्न विचारला नाही. पार्किंगपर्यंत आल्यावर तिनं माझा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला.

"ह्यांला सांगायचं न्हाई. माझ्या गळ्याची शपथ हाय तुला."

"आई, त्यांना हक्क आहे."

"गेणबाला सांगितलं व्हतं," ती म्हणाली. गेणबामामा तिचा सख्खा भाऊ. डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, त्या दिवसापासून त्यांनी भाकरी सोडली आणि भिंतीकडे तोंड करून पडले. "आजारानं न्हाई गेला तो. ऐकल्यानं गेला. ह्यांला मी तसं जाऊ द्यायची न्हाई."

गावातही सांगायचं नाही असं ठरलं. ते पृथ्वीराजनं ठरवलं. गावच्या विकास सोसायटीची निवडणूक जवळ आली होती, तो पहिल्यांदा उभा राहणार होता. आबांच्या जिवावर पॅनल उभं आहे, आबाच जाणार म्हटल्यावर निम्मे लोक दुसरीकडे सरकतील, असं त्याचं म्हणणं. त्याला दोष देत नाही. घरात मरण येऊन बसलं की माणसं हाताशी असेल ते काम धरून ठेवतात.

म्हणून मी तो खेळ घेऊन केडगाव स्टेशनवर उतरले.

खेळ असा. प्रत्येकानं आपापलं शहर बांधायचं. शहर म्हणजे समोर मांडलेले पत्ते: बाजार, सराई, बुरूज, चर्च, राजवाडा. कुणाच्या तरी आठ इमारती पुऱ्या झाल्या की डाव संपला. पण खरी मजा पात्रांत. दर फेरीला पात्रांचे पत्ते हातोहात फिरतात. प्रत्येकानं त्यातला एक गुपचूप काढून ठेवायचा आणि उरलेले पुढे द्यायचे. मग एक जण पात्रांची नावं क्रमानं पुकारतो. ज्याच्याकडे ते पात्र असेल त्यानं पत्ता दाखवून आपली खेळी करायची. सगळ्यांत आधी मारेकरी. पण मारेकऱ्यानं माणसाचं नाव घ्यायचं नसतं, पात्राचं घ्यायचं. 'व्यापाऱ्याला मारलं' म्हणायचं. तो पत्ता कुणाच्या हातात आहे हे त्यालाही ठाऊक नसतं. पुढे व्यापाऱ्याचं नाव पुकारलं की ज्याच्याकडे तो आहे त्यानं तोंड उघडायचं नाही. फेरी संपेपर्यंत गप्प बसायचं.

आबांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांची नावं बदलली. राजाचा चेअरमन झाला, व्यापाऱ्याचा आडत्या, धर्मगुरूंचे महाराज झाले. चर्चच्या चित्राला ते म्हणाले, "हे आपल्या केडगावचं मिशन." मारेकरी तेवढा मारेकरीच राहिला.

आणि तिसऱ्या फेरीपासून ते आम्हाला हरवायला लागले. वीस वर्षं सोसायटीच्या राजकारणात घालवलेला माणूस. कोण कुणाच्या ओट्यावर किती वेळ बसला यावरून मतं मोजणारा. आमची तोंडं त्यांच्यापुढे काय चीज.

"हर्षदा, तू आडत्या हायस," ते पृथ्वीराजच्या बायकोला म्हणाले.

"कशावरनं मामा?"

"बाजाराच्या पत्त्याकडं बघून गालात हसलीस. आडत्याला मारलं!"

"मी न्हाईच खेळत बाई," म्हणत तिनं पत्ता टाकला. आडत्याच होता.

"आबा, कधी आईला पण मारा की," पृथ्वीराज म्हणाला. आई दर वेळी महाराजच घ्यायची. महाराजांच्या शहरातली एकही इमारत सेनापतीला पाडता येत नाही, एवढं तिला एकदा कळलं आणि मग दुसरं पात्र तिनं घेतलंच नाही. तिच्याकडे काय आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत असायचं.

"तिला कशाला मारू? रातच्याला जेवायचंय आपल्याला," आबा म्हणाले.

आई हसली. पदर तोंडाला लावून, आवाज न करता. मी तिच्याकडे बघितलं आणि लगेच पत्त्यांकडे बघितलं, कारण आबा आमच्या दोघींकडे बघत होते.

गप्प बसण्यातही दोन प्रकार असतात. एखादं पात्र पुकारलं आणि कुणी बोललं नाही, तर एक तर ते मेलंय, नाही तर ते कुणाच्याच हातात नाही. मला यातला फरक कधी कळला नाही. आबा एकदा नजर फिरवून सांगायचे, "मेल्यालं पृथ्वीराजकडं हाय. बघ कसा खोटं खोटं पाणी पितोय."

संक्रांतीनंतरच्या रविवारी आई आणि हर्षदा हळदीकुंकवाला गेल्या होत्या. पृथ्वीराज प्रचाराला. अंगणात उन्हाला खाट टाकली होती आणि आबा गुडघ्यांवर शाल घेऊन बसले होते. त्यांची मनगटं एवढी बारीक झाली होती की घड्याळ कोपराकडे सरकायचं. मी खोका आणला.

"पत्ते राहू दे," ते म्हणाले. "आज नुसतं पुकारू."

"म्हणजे?"

"मी नाव घेतो. तुला आईनं शपथ घातली असंल, व्हय ना? मग तू बोलू नको. मी इचारंन त्यो पत्ता मेल्याला असला, तर गप्प बस. नसला तर 'हाय' म्हण. शपथ काय मोडत न्हाई."

"आबा, काहीतरीच काय."

"कावीळ," त्यांनी पुकारलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हजेरी घ्यावी तसं. "नुसती कावीळ हाय? हाय म्हण, मी सोडून देतो."

समोरच्या वाफ्यात कांद्याला पाणी चाललं होतं. मी पाण्याकडे बघत राहिले.

"कॅन्सर."

मी बोलले नाही.

"काय इलाज?"

बोलले नाही.

"उन्हाळा दिसंल?" आणि मग जरा थांबून, हळू आवाजात, "अनू, उन्हाळा तरी?"

माझ्यानं त्यांच्याकडे बघवलं नाही. त्यांनी शाल वर ओढून घेतली.

"बरं," ते म्हणाले.

मग मीच विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

"तुझी आई जल्मभर माझ्याशी चहातल्या साखरेवरनं भांडली. आता न मागता दोन चमचे टाकती आन् वर इचारती, गोड झालाय का. तवाच कळलं." ते थोडे हसले. "तिला म्हाईत पडू द्यायचं न्हाई. मला कळलंय हे. तिला वाटतंय, तिनं मला वाचिवलंय. तेवढं तरी तिच्याकडं राहू दे."

"असं किती दिवस?"

"किती म्हंजी? आत्ताच पुकारलं की आपण."

मी रडले नाही. रडले असते तर डोळे लाल झालेले आईला दिसले असते. आबांच्या घरात आता मलाही तेच हिशेब करावे लागत होते.

"एक काम राहिलंय," ते म्हणाले. "सोपानकडं जायचंय."

सोपानकाका त्यांचे धाकटे भाऊ. नऊ वर्षं दोघं बोलले नव्हते. त्या वर्षी सोसायटीत आबांचं पॅनल आलं, तेरा संचालकांतले सात त्यांचे, आबा धरून, आणि चेअरमन म्हणून सोपानकाकांचं नाव ठरलं. चिठ्ठ्या टाकून मतदान झालं. काकांना सहाच मतं पडली. सातातलं एक मत फुटलं होतं. आदल्या रात्री समोरच्या पॅनलचा माणूस आबांकडे येऊन चहा पिऊन गेल्याचं गावानं बघितलं होतं, तेवढं पुरलं. काकांनी चावडीपुढे उभं राहून सांगितलं की सख्ख्या भावानं माझी मान कापली. पुढे ते गाव सोडून पाबळला सासुरवाडीच्या जमिनीत राहायला गेले. मत तेवढं अजून आमच्या सोसायटीत होतं.

"तुम्ही कुणाला दिलं होतं मत?" मी विचारलं. नऊ वर्षांत घरात कुणी हे त्यांना विचारलं नव्हतं.

"त्यालाच."

"मग सांगितलं का नाही?"

"त्यानं इचारलंच न्हाई. इचारलं असतं तर सांगितलं असतं. तो थेट चावडीवर गेला. धाकटा भाऊ चारचौघांत चोर म्हणतो, त्याला घरी जाऊन काय सांगायचं? मी म्हणलं, बरं बाबा, मीच दिलं नसंल." ते पाण्याच्या पाटाकडे बघत होते. "आपल्या सातांतला पोपटराव फुटला व्हता. चिठ्ठी टाकताना त्यानं माझ्याकडं बघितलं न्हाई. पण पुरावा काय? आता तर तो बी गेला."

"आणि आता काका विश्वास ठेवतील?"

"जाणारा माणूस खोटं बोलत न्हाई, एवढं त्यालाबी कळंल. त्याला सांगीन, मी चाललोय, मला तुझ्याकडनं काय नको, पण तुझं मत मी फोडलं न्हवतं. एवढंच बोलायचंय. तुझ्या आईला सोडून जाऊ, दोघंच."

तसं झालं नाही. आबा पाबळला जायचं म्हणतात एवढं ऐकून पृथ्वीराज उडालाच. "काकांचं मत? आबा, काकांच्या मागं त्यांच्या मेव्हण्यांची आपल्या गावातली दोन घरं हायत. ती आली तर आपण सुटलो!" आबांनी त्याला तसंच समजू दिलं, दुसरं कारण सांगता येण्यासारखं नव्हतं. आणि आई म्हणाली, ती बरोबर येणार. ह्यांना मध्येच पेज लागते, गोळी लागते, अनूला काय कळतं. मी पुष्कळ सांगून पाहिलं. तिनं पेजेचा थर्मास भरला आणि गाडीत मागं जाऊन बसली.

गाडी मी चालवली. पारगावचा पूल ओलांडून न्हावऱ्याकडून वर आलो. रांजणगावजवळ पहिली पाळी सुटली होती. कंपन्यांच्या बस आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या मोटरसायकली. आबा काचेतून बघत होते. "केवढी पोरं," एवढंच म्हणाले. आई मागून विचारत होती, थंडी वाजतीय का, काच वर घेऊ का.

काकांच्या दारात गाडी थांबली तेव्हा काका बाहेर आले आणि पायरीवरच उभे राहिले. ते आबांसारखेच दिसतात. म्हणजे आजारापूर्वीच्या आबांसारखे. रतनकाकू मागून आल्या, त्यांनी एकदा आबांकडे बघितलं आणि डोक्यावरचा पदर नीट करत पुढे झाल्या.

"भावजी, किती वाळलात!"

"कावीळ झाली व्हती," आई लगेच म्हणाली. "आता उतार हाय. डॉक्टर म्हणलं, महिन्या-दीड महिन्यात पयल्यासारखं."

आबांनी मान हलवली.

आत जाजम टाकलं. काकूंनी पाणी दिलं, चहा टाकायला गेल्या. आई आबांच्या शेजारी भिंतीला टेकून बसली, थर्मास मांडीशी धरून. आबांनी सावकाश घोट घेतला.

"सोपान, जरा हिरीकडं जाऊन यिऊ. तुझं पाणी बघू दे किती हाय."

"जे काय हाय ते हितंच बोला," काका म्हणाले. पूर्वी ते आबांना 'तू' म्हणायचे. "मागं एकदा कोपऱ्यात बोललेलं मला लई महागात पडलं. आता चारचौघांत."

"घरचीच माणसं हायत."

"मग तर बोला की."

आबांनी एकदा आईकडे बघितलं. ती त्यांच्या शालीचं टोक जमिनीवरून उचलून मांडीवर ठेवत होती.

"त्या वक्ताला," आबा म्हणाले, "माझं मत तुलाच व्हतं."

काका हसले. त्या हसण्यात राग नव्हता, कंटाळा होता. "नऊ वर्षांनी?"

"व्हय."

"पृथ्वीराजचा फॉर्म कवा भरला?"

आबांनी पाण्याचा आणखी एक घोट घेतला.

"मागल्या आठवड्यात ना? मला फोन आला गावातनं. आन् ह्या आठवड्यात तुम्हाला आठवलं, की मत मला दिलं व्हतं." त्यांनी हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "दादा, मी काय दुधखुळा हाय का? तुमच्याच हाताखाली शिकलोय. मत मागायला जायच्या आधी जुनं भांडण मिटवायचं, हे तुम्हीच सांगायचा मला. बिनकामाचा माणूस एवढ्या लांब येतो व्हय?"

"काका," मी म्हणाले, "आबांना—"

"अनू," आबा म्हणाले. "काकूला इचार, चहा बिनसाखरेचा हाय का."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. ते काकांकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेच होतं जे हातातला पत्ता मेला असताना असायचं: काहीच नाही. आई माझ्यापासून हातभर अंतरावर बसली होती. एक वाक्य बोलायचं होतं. ते बोललं की काकांचा विश्वास बसला असता आणि आईनं जपून ठेवलेलं सगळं त्याच जाजमावर सांडलं असतं. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि काकूंना विचारलं, चहा बिनसाखरेचा आहे का.

परत आले तेव्हा आबा बोलत होते. "खरं हाय तुझं. पोरगं उभं राहिलंय. येऊन बघावं म्हणलं."

"मग असं सरळ म्हणायचं."

"म्हणलं की आता."

"न्हाई देणार," काका म्हणाले. "बरे झालात की परत या. तवाबी न्हाईच म्हणंन, पण या."

"यीन," आबा म्हणाले.

निघताना काकांनी त्यांना पायरीवरून उतरताना हात दिला नाही. आईनं दिला.

गाडीत आई बराच वेळ बडबडत होती. एका मतासाठी केवढा त्रास, सोपानभावजींचं तोंड असंच पहिल्यापासून, पोरगं निवडून येईल नाही तर पडेल, तुम्ही तब्येत बघा. आबांनी डोळे मिटून घेतले होते. झोपलेत असं समजून तिनं पुढे वाकून त्यांच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळला. ते झोपलेले नव्हते. मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी पुण्याला निघण्याआधी मी त्यांना म्हणाले, "मी काकांना फोन करते. सगळं सांगते. त्यांना एकट्याला."

"आन् सोपान काय करंल?"

मी बॅगेची चेन लावत राहिले.

"तासाभरात हितं हजर व्हईल. दारातनंच रडत यील. त्याला गप्प बसता येत न्हाई, कवाच आलं न्हाई. म्हणून तर चावडीवर गेला." ते दम घ्यायला थांबले. "मी असेपर्यंत न्हाई. आन् मी गेल्यावर तुझं तू बघ."

त्यानंतर दोन रविवार आम्ही खेळलो. आबांना पत्ते धरवत नव्हते, हर्षदा त्यांच्यासाठी धरायची, आणि तिच्याकडे बघून पृथ्वीराज ओळखायचा की आबांकडे काय आहे. आबांनी तक्रार केली नाही. आईनं एकदा चुकून चेअरमन घेतला आणि घाबरून मला पत्ता दाखवला. तिसऱ्या रविवारी त्यांना बसवेना. फेब्रुवारी संपायच्या आत गेले. शेवटचे काही दिवस ते बोलत नव्हते. आई त्यांना सांगत राहिली की डॉक्टर म्हणालेत, कावीळ परत जरा चढलीय, औषध बदललंय. तिनं हे शेवटच्या दुपारपर्यंत सांगितलं. ते ऐकू येत असेल तर ऐकत असतील.

सोपानकाका मातीला आले. तेव्हाच त्यांना कळलं की नुसती कावीळ नव्हती, कॅन्सर होता. ते मागेच उभे राहिले. नंतर रोज संध्याकाळी भेटायला येणाऱ्यांत ते नव्हते.

दहाव्याला आले. घाटावरचं सगळं उरकून, जेवणाच्या पंगती उठल्यावर, लोक पांगल्यावर ते ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसले. आई आतल्या उंबऱ्याशी बसली होती. या दहा दिवसांत येणाऱ्या प्रत्येक बाईला तिनं एकच सांगितलं होतं, आणि सांगताना तिचा आवाज जरा सावरायचा: "त्यांला काय कळलं न्हाई बघा. शेवटपातुर न्हाई. बरं व्हणार म्हणूनच गेले." त्या सांगण्यावर ती उठत होती, आंघोळ करत होती, दोन घास खात होती. मी बघत होते, तिच्याकडे दुसरं काहीही नव्हतं.

काका हातातली टोपी बोटांत फिरवत होते. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"अनू, एक इचारतो. खरं सांग."

"विचारा."

"पाबळला आला तवा दादाला ठाऊक व्हतं का? म्हंजी, आपण वाचत न्हाई हे?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी ते सगळं बरोबर जुळवलं होतं. आबांच्या हाताखाली शिकलेला माणूस. दादाला माहीत असेल तर दादाला मताचं काय पडलं होतं? मग तो कशाला एवढ्या लांब आला? आणि मग तो जे बोलला ते काय होतं? एका उत्तरावर सगळं उभं होतं. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं.

आत बांगड्या वाजल्या. आईनं मान वर केली होती. ती माझ्याकडे बघत होती. घाबरून नाही, विश्वासानं. मी काय सांगणार हे तिला माहीत होतं.

"नाही काका," मी म्हणाले. "आबांना काही माहीत नव्हतं."

काकांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. मला वाटलं होतं ते खचतील. ते सैल झाले.

"बरं झालं," ते म्हणाले. "लई बरं झालं. दहा दिवस झोप न्हाई मला. सारखं वाटायचं, ठाऊक असूनशान आला व्हता का हा? निरोप घ्यायला आला व्हता आन् मी त्याला दारातनं लावून दिलं का? तसं असतं ना अनू, तर मी जगलो नसतो."

त्यांच्या मागे जाऊन, गाडीपाशी, एकट्याला सांगावं असं मी मनाशी ठरवत होते. ते आता उरलं नाही. आबांचं खरं सांगायचं तर त्याबरोबर काकांना हे ओझंही द्यावं लागणार होतं.

"पण मग ते मताचं," काका हळू म्हणाले. काही वेळ टोपीकडे बघत राहिले. "म्हंजी ते पृथ्वीराजसाठीच बोलला."

मी गप्प बसले.

"असू दे. बाप व्हता." त्यांनी टोपी घातली आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. "पृथ्वीराजला सांग, माझं मत त्याला. मेव्हण्यांचंबी बघतो. दादानं एकदा मागितलं, मी न्हाई म्हणलो. आता तेवढं तरी करतो त्याच्यासाठी."

ते आईच्या समोर जाऊन हात जोडून उभे राहिले आणि निघाले. मोटरसायकलचा आवाज कॅनॉलपर्यंत ऐकू येत होता.

आई ओट्यावर आली. पंगतीतला एक द्रोण तिथं उडून आला होता, तो तिनं उचलला.

"बघ," ती म्हणाली, "शेवटाला भावजींचा राग गेला. ह्यांला बघायला मिळायला पाहिजे व्हतं."

"हो आई," मी म्हणाले.